माहित्या का होत नाहीत?

इन्स्टावर इंग्रजी शिकवणारी रील्स आता इतकी झाली आहेत, की त्यांचा साचा पाठ झालाय. डावीकडे लाल फुली, उजवीकडे हिरवी खूण. 'फर्निचर्स' फुली, 'फर्निचर' खूण. 'वन ऑफ माय फ्रेंड' फुली, 'वन ऑफ माय फ्रेंड्स' खूण. मध्ये एक ताई किंवा दादा कपाळावर हात मारून घेतात, आणि शेवटी प्रश्न: तुम्हीही हीच चूक करता का?

करतो. आपल्यातले बरेच जण करतात. आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला होता. मराठी माध्यमातून शिकलेला, कोड एकदम नेटका. मीटिंगमध्ये बोलताना तो 'वन ऑफ माय कलीग' म्हणाला. कुणीतरी मागून 'कलीग्ज' असं हसत दुरुस्त केलं, दोघं-तिघं अजून हसले. नंतरचे कित्येक दिवस तो मीटिंगमध्ये बोललाच नाही, चॅटवर लिहायचा. एका 's'पायी एक माणूस गप्प झाला. म्हणून हा विषय मला नुसता व्याकरणाचा वाटत नाही.

माझी तक्रार दुरुस्तीबद्दल नाही. 'वन ऑफ' नंतर बहुवचन यायला हवं, हे खरंच आहे. तक्रार या याद्यांबद्दल आहे. त्या चूक दाखवतात, पण ती का होते हे कधीच सांगत नाहीत. हा दोष रील्सच्या आधीपासूनचा आहे. शाळेतलं 'रेन अँड मार्टिन' आठवा. वचनाच्या प्रकरणात याद्याच याद्या: हे शब्द दोन्ही वचनांत सारखे, हे फक्त बहुवचनात, हे दिसायला बहुवचन पण वागायला एकवचन. पाठ करा. ज्या मुलाच्या डोक्यात आधीच एक पूर्ण भाषा आहे, तिच्याशी या याद्यांना काही देणंघेणं नसतं.

खरं तर उत्तर त्याच भाषेत आहे.

'इन्फर्मेशन्स' घ्या. मराठीत 'माहिती' ईकारान्त स्त्रीलिंगी. बातमीच्या बातम्या होतात, काठीच्या काठ्या होतात. मग 'माहित्या' का होत नाहीत? नियमाने व्हायला हरकत नाही, पण आपण म्हणत नाही. कारण माहिती आपल्याला नगांत मोजायची गोष्ट वाटतच नाही. ती थोडी असते, बरीच असते, फार तर दोन प्रकारची असते. 'सामान'ही तसंच. स्टेशनवर चार बॅगा असल्या तरी आपण 'सामानं उचल' म्हणत नाही. म्हणजे 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' यांचं अनेकवचन न करण्याची अक्कल आपल्याकडे जन्मापासून आहे. शिक्षकाने 'माहित्या म्हणतोस का?' एवढं विचारलं, तर मुलगा हसेल आणि ती चूक पुन्हा करणार नाही.

सगळीकडे हे इतकं सरळ जुळत नाही. 'सल्ला' आपल्याकडे मोजता येतो: दोन सल्ले दिले. म्हणून 'अॅडव्हायसेस' येतं. 'केस' आपल्याकडे गळतात, अनेकवचनात गळतात, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग' येतं. इथे दोन भाषा जग वेगळं मोजतात, आणि शिकणारा आपल्या भाषेशी प्रामाणिक राहतो. त्यातही 'हेअर्स हा शब्दच नाही' असं सांगणारं रील स्वतःच चुकलेलं असतं. सूपमध्ये दोन केस सापडले, तर इंग्रजीतही 'टू हेअर्स'च म्हणतात.

आता 'वन ऑफ माय फ्रेंड'. मनात मराठी वाक्य असतं: 'माझा एक मित्र'. एकच मित्र, मग अनेकवचन कशाला? शिवाय 'मित्र' हा शब्द साध्या रूपात बदलतही नाही: एक मित्र, दोन मित्र. पण 'वन ऑफ' चं खरं मराठी 'माझ्या मित्रांपैकी एक' असं आहे. 'मित्रापैकी एक' असं आपण झोपेतही म्हणणार नाही. 'पैकी' आलं की पुष्कळ मित्र आपोआप गोळा होतात. 'वन ऑफ म्हणजे पैकी', एवढं एक सूत्र दिलं की काम झालं.

'एव्हरीवन आर' ची गोष्ट अशीच. डोक्यात 'सगळे आलेत' असतं. त्याऐवजी 'प्रत्येकजण' धरा. 'प्रत्येकजण आले आहेत' कानाला खटकतं, 'आला आहे' हवं. म्हणून 'इज'.

आणि 'टेन इयर्स ओल्ड बॉय'. हे 'दहा वर्षांचा मुलगा' वरून आलं, 'वर्षांचा' मधलं अनेकवचन सोबत घेऊन. पण इंग्रजी तिथे जे करतं ते मराठीही करतंच. इमारत दोनमजली असते, गाडी चारचाकी असते, योजना पंचवार्षिक असते. मजले दोन, चाकं चार, वर्षं पाच, तरी विशेषण झालं की अनेकवचन गळून पडतं. 'टेन-इयर-ओल्ड' म्हणजे इंग्रजीतलं 'चारचाकी'.

कात्री, चष्मा, पँट यांत मात्र नजरेचाच फरक आहे. आपल्याला कात्री ही एक वस्तू दिसते. इंग्रजी तिची दोन पाती मोजतं, चष्म्याच्या दोन काचा मोजतं, पँटचे दोन पाय मोजतं. 'अ सिझर' म्हणणाऱ्याने समोर जे दिसलं तेच सांगितलेलं असतं.

उलट दिशेनेही हा गोंधळ होतो आणि तिकडे कुणी हसत नाही. बसमध्ये 'एक लेडीज उभी आहे, जागा द्या' असं आपण सहज म्हणतो. 'एक शूज सापडत नाहीये' म्हणतो. इंग्रजीचं अनेकवचन आपण गिळून एकवचन करून टाकलंय आणि मराठी त्यामुळे बुडालेली नाही.

इंग्रजीने स्वतःशीही हेच केलं. जुन्या इंग्रजी बोलीत वाटाण्याला 'पीज' असा शब्द होता आणि तो अनेकवचनी नव्हता. शेवटचा आवाज लोकांना अनेकवचनाचा वाटला, म्हणून त्यांनी तो काढून 'पी' हा नवा शब्द बनवला. 'चेरी' चंही तेच, फ्रेंचमधून आलेल्या शब्दातला शेवटचा 'ज' असाच गैरसमजातून गेला. 'अजेंडा' लॅटिनमध्ये अनेकवचन होतं, आज ते एकवचन म्हणून चालतं. 'यू' मूळचं अनेकवचन. एकट्या माणसाला 'यू आर' म्हणणं म्हणजे आपल्या आदरार्थी बहुवचनाचाच भाऊ. आजही 'टीम'पुढे ब्रिटिश माणूस बऱ्याचदा 'आर' लावतो, अमेरिकन 'इज'. एक 'मॅथ्स' म्हणतो, दुसरा 'मॅथ'. यातल्या कुणाच्या नावापुढे लाल फुली येत नाही. फुली कुणाला मिळते हे पुष्कळदा बोलणारा कुठून आला यावर ठरतं.

मग सगळंच चालवून घ्यायचं का? नाही. काही ठिकाणी तो 's' अर्थच बदलतो, आणि याद्यांचा दुसरा दोष हा, की त्या अशा चुका आणि निरुपद्रवी चुका एकाच ढिगात टाकतात. 'डॅमेज' म्हणजे नुकसान. 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई. ग्राहकाला मेल लिहिताना यातला फरक महाग पडू शकतो. 'आय हॅव मेनी वर्क्स' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला तुमच्या कलाकृती किंवा कारखाने डोळ्यांसमोर येतील. 'कस्टम' म्हणजे रिवाज, 'कस्टम्स' म्हणजे विमानतळावरची जकात. रेन अँड मार्टिनमध्ये अशा शब्दांचा वेगळा विभाग आहे, आणि माझ्या मते त्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग तोच. 'फर्निचर्स' ऐकून कुणाचा गैरसमज होत नाही, फक्त मत बनतं. आधी अर्थ बिघडवणाऱ्या चुका सुधाराव्यात. बाकीच्या मागून, सवडीने सुधारतील.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. 'रुबी ऑन रेल्स' नावाची वेबसाइट बनवण्याची एक प्रणाली २००४ पासून आहे. तिची पद्धत अशी, की कोडमध्ये वस्तूचं नाव एकवचनी आणि डेटाबेसमधल्या तक्त्याचं नाव अनेकवचनी. कोडमध्ये 'पर्सन' लिहिलं की ती 'पीपल' नावाचा तक्ता शोधते. म्हणजे यंत्राला इंग्रजी वचन शिकवावं लागलं. त्यासाठी आत थोडे नियम आहेत आणि अपवादांची यादी आहे: इक्विपमेंट, इन्फर्मेशन, राइस, मनी, शीप, जीन्स, पोलीस वगैरे. यांचं अनेकवचन करू नको, असं तिला सांगून ठेवलंय.

त्या यादीत 'फर्निचर' नाही. त्यामुळे रेल्सला फर्निचरचं अनेकवचन विचारलं, तर ती बिनदिक्कत 'फर्निचर्स' असं उत्तर देते. 'अॅडव्हाइस' दिलं तर 'अॅडव्हायसेस'. आमच्या गावाकडच्या वर्गात जी उत्तरं आली असती, अगदी तीच. आणि कारणही तेच: नियम माहीत होता, अपवाद कुणी सांगितला नव्हता.

अशा वेळी प्रोग्रामर काय करतो? कपाळावर हात मारत नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये यासाठी एक छोटी फाइल असते. ती उघडतो, 'फर्निचर'ची एक ओळ वाढवतो, सेव्ह करतो आणि कामाला लागतो.

आमच्या टीममधल्या त्या मुलाला मी नंतर 'पैकी'चं सूत्र सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच होतं?" एवढंच होतं. मीटिंगमध्ये हसण्याऐवजी कुणी ती एक ओळ सांगितली असती, तर तेवढे दिवस तो गप्प बसला नसता.