केशर, ऊस आणि तीन राशी

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त केशराचं एक गणित आहे. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळं केशर मिळत असेल, तर नऊ निष्कांना किती मिळेल? ग्रंथ इ. स. ११५०चा. प्रश्न केलाय एका व्यापाऱ्याला, तोही ‘उत्तम व्यापारी’ म्हणून गौरवून.

पहिल्यांदा वाचलं की आपण अडखळतो ते ‘तीन सप्तमांश’पाशी. केशर महाग, हे ठीक. पण असा भाव कोण सांगतो? लीलावतीतच नाण्यांचं कोष्टक दिलंय: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे निष्काच्या २०,४८० कवड्या. त्यांना सातानं भागून पाहा, पाच कवड्या उरतात. अगदी कवडीपर्यंत खाली उतरलं तरी हा भाव रोखीनं चुकता करता येत नाही. बाजारातला म्हणून सांगितलेला हा व्यवहार बाजारात होऊच शकत नाही, आणि आचार्यांना ते ठाऊक नसेल हे संभवत नाही. तो सात त्यांनी मुद्दाम घातलाय.

कशासाठी, ते सोडवताना कळतं. अडीचाला नवानं गुणायचं आणि तीन सप्तमांशानं भागायचं. भागताना अपूर्णांक उलटतो; छेदातला सात वर येतो, तीन खाली जातो. नवात तीन तीनदा बसतात. तीन साते एकवीस. एकवीस अडीच साडेबावन्न. ज्याची अडीचकी पाठ आहे त्याला इथं कागदही लागत नाही. चार कर्षांचं एक पळ, म्हणून उत्तर बावन्न पळं दोन कर्ष. सुरुवातीला आडमुठे वाटलेले सात आणि तीन असे निमूट विरघळतात की आपण कशाला घाबरलो होतो हेच विसरायला होतं. शिष्याला दचकवायचं आणि मग चार ओळींत सोडवायचं, अशी ही रचना आहे. आकडे निवडणाऱ्याचा हात मला इथं दिसतो.

हेच गणित आजच्या शाळेतल्या एकमान पद्धतीनं करून बघा. आधी एका निष्काचं केशर काढायचं: पाच पूर्णांक पाच षष्ठांश पळं. मग नवानं गुणायचं. उत्तर तेच येतं, पण वाटेत एक बेढब संख्या हाताळावी लागते, जी कुणी मागितलेलीच नव्हती. एकमान पद्धत पोरांना हात धरून नेते, म्हणून मास्तरांना ती आवडते आणि ते योग्यही आहे. रसिकानं मात्र त्रैराशिकाकडेच जावं. तिथं तीन राशी ओळीनं मांडायच्या: आधी प्रमाण, मधे फल, शेवटी इच्छा. दोन्ही टोकांना एकाच जातीच्या वस्तू, इथं निष्क. मधे वेगळ्या जातीचं केशर. मधल्याला शेवटच्यानं गुणा, पहिल्यानं भागा. ‘एकाला किती’ हा प्रश्न उपस्थितच होत नाही. हरीनं जसं विश्व व्यापलंय तसं हे त्रैराशिक सगळं अंकगणित व्यापून आहे, अशा आशयाचं खुद्द आचार्यांनीच म्हणून ठेवलंय.

आता केशराच्या गणितात दशांश चिन्ह आणा. तीन सप्तमांश म्हणजे ०.४२८५७१, पुढं तेच सहा अंक पुन्हा पुन्हा, अंत नाही. कुठंतरी तोडावंच लागतं, आणि तोडलं की साडेबावन्न नेमकं येत नाही. तीन आणि नऊ यांचं नातं दशांशात दिसेनासं होतं. अपूर्णांक संख्येचं कूळ सांगतो, दशांश तिची उंची. कचेरीला उंची पुरते.

आपल्या जुन्या हिशेबात कूळ जपलेलं होतं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे आणि कागदावर काना काढावा तशा उभ्या रेघा: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. एक उभी रेघ रुपयाची पावली. पावलीचा पुन्हा चौथा हिस्सा म्हणजे आणा, तो आडव्या रेघेनं. सगळा कारभार चारच्या पटीत. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि चारची ही व्यवस्था दहाच्या व्यवस्थेवर आदळली. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. तीन वेळा आण्याआण्याचा जिन्नस घेतला तर अठरा पैसे, एकदम तीन आण्यांचा घेतला तर एकोणीस. प्रमाणाला पहिला तडा पैशाच्या पाव हिश्श्यानं गेला.

तसाच तडा आज कृष्णाकाठी उसाच्या दरात सापडतो, आणि तो शोधण्यात गंमत आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली ती क्विंटलला ३५५ रुपये, साखर उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, १०.२५ टक्के धरून. उतारा त्यावर गेला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि हे ३.४६ कुठून आले हे विचारत नाही. आता तीन राशी मांडा: प्रमाण १०.२५, फल ३५५, इच्छा ०.१. मधल्याला शेवटच्यानं गुणा, पहिल्यानं भागा. येतात ३.४६३, जवळच्या पैशापर्यंत ३.४६. आदल्या हंगामात ३४० रुपये होते, जादा दर ३.३२, त्याच्या आदल्या हंगामात ३१५, जादा दर ३.०७. दोन्ही करून बघा, जमतात. दिल्लीतल्या फायलीत आचार्यांचं केशर शिरलंय.

उतारा खाली गेला तर त्याच हिशेबानं कपात, पण साडेनऊ टक्क्यांपर्यंतच. सव्वादहातून साडेनऊ वजा केले की पाऊण, म्हणजे साडेसात दशांश. ३.४६ची साडेसातपट २५.९५, ३५५मधून गेले, राहिले ३२९.०५. जाहीर झालेला खालचा दर नेमका हाच आहे. त्यापुढं उतारा कितीही घसरो, दर तिथंच थांबतो. इथं त्रैराशिक जाणूनबुजून मोडलंय, शेतकऱ्याच्या बाजूनं. एवढा एक मोड मला सगळ्या सूत्रापेक्षा जास्त आवडतो.

आता तडा. सांगली-साताऱ्याच्या चांगल्या उसाचा उतारा सव्वाबारा धरू. सव्वादहापेक्षा वीस दशांश वर. वीस गुणिले ३.४६ म्हणजे ६९.२०; दर झाला ४२४.२०. सरळ तीन राशी मांडून, मधे कुठं न तोडता काढला तर ४२४.२७. फरक क्विंटलला सात पैसे, टनाला सुमारे सत्तर. एखादा कारखाना दहा लाख टन गाळत असेल तर ही तिसऱ्या स्थळाची छाटणी सात लाखांच्या आसपास जाते. उतारा सव्वादहाच्या खाली गेलेल्यांना मात्र याच छाटणीनं किंचित जास्त पडतात, हेही म्हणायला हवं. सगळा खेळ त्या ३.४६३मधल्या तिनाचा.

शेतकरी याला दशांश म्हणत नाही. तो म्हणतो, ‘उतारा दोन पॉइंटनं घसरला.’ आणि हा पॉइंट त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला कळतो. कारखान्यातल्या वजनकाट्याच्या पावतीवर भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन छापलेलं असतं. निव्वळ समजा १८.४६५. पाचवीतलं पोर हे ‘अठरा दशांश चिन्ह चार सहा पाच’ असं वाचतं आणि १८.५पेक्षा १८.४६५ मोठं सांगतं, कारण चारशे पासष्ट पाचापेक्षा मोठे. ट्रॅक्टरवरचा बाप वाचतो ‘अठरा टन चारशे पासष्ट’, आणि साडेअठराला पस्तीस किलो कमी पडले हे त्याला पावती खिशात घालण्याआधी कळलेलं असतं. चिन्हापुढची तीन घरं म्हणजे किलो, हे त्यानं काट्यावर शिकलंय. शाळेनं दशांशाचा धडा काट्याच्या पावतीवरून सुरू केला तर निम्मं काम होईल असं मला वाटतं.

तोच बाप जमिनीच्या मापापाशी मात्र घसरू शकतो. ‘एक एकर दहा गुंठे’ कुणी १.१० एकर लिहिलं की झाला घोटाळा. चाळीस गुंठ्यांचा एकर. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. जमीन सव्वा एकर, १.२५. १.१० लिहिल्यावर चव्वेचाळीसच गुंठे होतात आणि सहा गुंठे वाऱ्यावर जातात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शंभर आरांचा एक हेक्टर, म्हणून तिथला ठिपका खरा दशांशाचा. तीच जमीन तिथं साधारण ०.५१ दिसते. एकाच तुकड्याला सव्वा, पन्नास आणि शून्य दशांश एक्कावन्न अशी तीन नावं, आणि भावकीच्या वाटणीत तिन्ही एकाच बैठकीत बोलली जातात.

राहिलं व्यस्त त्रैराशिक. एक वाढलं की दुसरं घटतं. लीलावतीतल्या त्याच्या उदाहरणापाशी माझं कौतुक थांबतं. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत बत्तीस निष्क, तर वीस वर्षांचीची किती? सोळा गुणिले बत्तीस, भागिले वीस; पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. आकडे इथंही नेटके निवडलेत, वीस आणि सोळातले चार सहज जातात. पण केशराच्या जागी माणूस ठेवलाय आणि सूत्राला त्यानं काही फरक पडलेला नाही. काळ तसा होता म्हणून हे उदाहरण गाळून पुढं जाणारे भाष्यकार मला पटत नाहीत. रसग्रहणात डागही वाचावा लागतो.

शिवाय ते उदाहरण जुनं झालेलं नाही. आपल्याकडं ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात, आणि टोळी मोजतात कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरनं वाहते. व्यस्त प्रमाणाचं गणित याच्यावर छान बसतं: दहा कोयते एक फड सहा दिवसांत उरकतात, तर पंधरा कोयते किती दिवसांत? दहा सक साठ, भागिले पंधरा, चार दिवस. आता कोयत्याऐवजी माणसं मोजा. वीस माणसं सहा दिवस, तीस माणसं किती? एकशेवीस भागिले तीस, चारच. गुणोत्तराचा गुणच असा आहे की दोन्हीकडं एकच माप असलं की ते माप छेदून जातं. त्यामुळं बाई मोजली काय, न मोजली काय, उत्तर बदलत नाही आणि गणित कधी कुरकुर करत नाही. फरक पडतो तो उचलीत, म्हणजे आगाऊ मिळणाऱ्या पैशात. उचल कोयत्यावर मिळते, सहसा नवऱ्याच्या हातात. एकटा पुरुष किंवा एकटी बाई आली, तर टोळी आणणारा मुकादम तिथं ‘अर्धा कोयता’ धरतो. निमकीतला अर्धा, पूर्णांक नसलेला.