हातचा न घेता

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही ओळ पाहिली की कोल्हापूरकराला आधी आरोह-अवरोहच आठवणार: एकापासून नवापर्यंत चढायचं, आल्या वाटेने उतरायचं. पण ज्या गावाने शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँचं वक्र चालीचं गाणं ऐकलं, त्याचे कान सरळ चालीवर सहजी भाळत नाहीत. मलाही हे रूप जरा बाळबोधच वाटतं. सौंदर्य इतकं दर्शनी असावं का?

खरी खुमारी आत आहे. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. शाळेतल्यासारखा गुणाकार मांडा, नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक ‘एक’, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. पुढे पुन्हा उतरण. अख्ख्या बेरजेत हातचा एकदाही घ्यावा लागत नाही! अंकांची बेरीज ८१ का येते, तेही इथेच उमगतं. नऊ ओळींतले सगळे एक मोजले गेले, एवढंच.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत. ६१७४ या चार अंकी संख्येमुळे त्यांचं नाव जगभर झालं. माझं मत विचाराल तर ही सतरा अंकी अधिक श्रीमंत आहे.

तिला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने गुणा. येतात ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. तो मधोमध तोडा: ९९९९९९९९८ अधिक १. बेरीज पुन्हा नऊ नव! वर्गाचे तुकडे जोडल्यावर मूळ संख्या परत देणारी ती कापरेकर संख्या. ४५ तशीच: वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. आता गंमत बघा. आपल्या संख्येचे अवयव म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. त्यावरून तिचे एकूण विभाजक मोजले तर ते ४५ च भरतात. हा निव्वळ योगायोग, पण दाद द्यावी असा.

दहा एकांचा वर्ग केला की मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ गेला कुठे? मधल्या रकान्यात दहा आले, शून्य मांडून हातचा एक. पुढच्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. आठाचे नऊ झाले. चाल वक्र झाली, आणि माझ्या लेखी इथेच रंगत आली.

कारण नवाचं हे शिखर आपल्या दशमान लेखनाचं आहे. तीच संख्या द्विमानात लिहिली तर चढ-उतार पुसला जातो. वर्ग असणं आणि ४५ विभाजक तेवढे टिकतात. आणि बारांवर मोजणारा समाज असता, तर त्याच्या अकरा एकांचा वर्ग हातचा न घेता अकरापर्यंत चढला असता.