‘आपण’ आणि ‘आम्ही’ : हवामानविषयक लोकसंवादाची सर्वनामे

मराठी समीक्षेने ‘प्रबोधनपर’ ठरवून जे लेखन आणि जी भाषिते आपल्या कक्षेबाहेर ठेवली, त्यांत गेल्या दोन दशकांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. हवामानबदलासंबंधी स्वयंसेवी कार्यकर्ते गावोगावी जे बोलतात, जी पत्रके वाटतात, जी पथनाट्ये सादर करतात आणि ज्या शपथा देतात, त्यांचा हा प्रकार. साहित्यमूल्याच्या रूढ निकषांवर त्यातले फारसे काही टिकणार नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु कोण कोणाला उद्देशून बोलतो, वक्ता श्रोत्याला कोणती जागा देतो आणि त्या जागेवरून श्रोत्याला नकार देता येतो की नाही, हे प्रश्न समीक्षेचेच आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांची तीव्रता विशेष जाणवते. १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या या प्रदेशात एकीकडे कोळशाच्या खाणी आणि २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. दुसरीकडे गडचिरोलीचा दोन-तृतीयांशांहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. हवामानबदलाचे एक कारण आणि त्यावरचा एक उपाय येथे शेजारी नांदतात. साहजिकच उपायांची चर्चा येथील माणसांशी करायची की त्यांच्याविषयी करायची, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

या संवादाच्या भाषेत प्रथम लक्षात येते ते एक सर्वनाम. ‘आपण झाडे लावली पाहिजेत’, ‘आपण वीज वाचवली पाहिजे’, ‘आपण पृथ्वी वाचवली पाहिजे’ या साच्याची वाक्ये प्रचारसाहित्यात सर्वत्र आढळतात. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण’मध्ये श्रोता अंतर्भूत असतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो. इंग्रजीतील ‘वी’ आणि हिंदीतील ‘हम’ यांना हा भेद रूपाच्या पातळीवर करता येत नाही. मराठीने तो जपला आहे, आणि द्राविड भाषांशी आलेल्या दीर्घ संपर्काचा तो वारसा असावा असे अनेक भाषाभ्यासक मानतात. त्यामुळे मराठी वक्ता जेव्हा ‘आपण’ म्हणतो तेव्हा तो एक निवड करीत असतो. श्रोत्याला विचारल्याविना त्याने त्याला आपल्या गटात ओढलेले असते. ज्या घरात एक-दोन दिवे जळतात त्या घरातील माणसाला ‘आपण वीज वाचवली पाहिजे’ असे सांगितले जाते, तेव्हा व्याकरण दोघांना एका पंगतीत बसवते. प्रत्यक्षात वाढप मात्र फार वेगवेगळे झालेले असते.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारात ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व नमूद झाले. त्या शब्दबंधाचा पूर्वार्ध ‘आपण’चा आहे आणि उत्तरार्ध ‘आम्ही’ व ‘तुम्ही’ यांचा. दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हवामानसंकटामुळे मानवजातीचा विचार एक जीवजाती म्हणून करावा लागेल असे प्रतिपादन केले. त्यावर, अशा ‘मानवजाती’च्या पोटात विषमता दडपली जाते, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. वैचारिक पातळीवर चाललेला हा वाद गावच्या सभेत एका सर्वनामाच्या रूपाने रोज घडत असतो, आणि बहुधा ‘आपण’ हे रूप वादाविनाच जिंकते.

सर्वनामानंतर शब्दसंग्रह. या क्षेत्रातील मराठी परिभाषा वरून खाली आलेली आहे. ‘हरितगृह वायू’ हे याचे ठळक उदाहरण. थंड प्रदेशात ऊब धरून ठेवणाऱ्या काचघराच्या अनुभवातून मूळ रूपक जन्मले. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात उष्णता साठवण्यासाठी घर बांधण्याची कल्पनाच अपरिचित आहे. शिवाय ‘हरित’ या विशेषणाला मराठीत जो सुखद भाव चिकटलेला आहे, तो येथे नेमका उलटा अर्थ सुचवतो. ‘हवामानबदल’ या शब्दात तर बदल आपोआप होतो. तो घडवणारा कर्ता समासाबाहेरच राहतो. याउलट मारुती चितमपल्ली यांनी रूढ केलेला ‘काकागार’ हा शब्द पाहावा. विदर्भाच्या वनांत नोकरी करीत असताना त्यांनी वनवासी आणि जाणकार यांच्याकडून शब्द गोळा केले, संस्कृत परंपरेचा आधार घेतला आणि पक्ष्यांच्या सामुदायिक वसतीला मराठी नाव दिले. तो शब्द ऐकताच अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. दोन्ही शब्द घडवलेलेच आहेत. फरक आहे तो घडवणाऱ्याने आधी कोणाचे ऐकले यात.

ऐकण्याचा हा मुद्दा पावलो फ्रेअरी यांनी १९६९ साली चिली देशातील कृषितज्ज्ञांच्या संदर्भात मांडला होता. ‘विस्तार’ या शब्दातच ज्ञान असलेल्याने ते नसलेल्यापर्यंत नेऊन ठेवण्याची कल्पना गृहीत आहे, आणि या कल्पनेत श्रोता हा पात्रासारखा, म्हणजे भरण्याजोग्या भांड्यासारखा, होतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे पंचायत समितीत ‘विस्तार अधिकारी’ हे पद आजही आहे. बाख्तिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर ही अधिकारवाणी होय. ती स्वीकारावी किंवा नाकारावी लागते. तिच्याशी बोलता येत नाही. तिच्या विरोधात बाख्तिन मनाला पटणारी वाणी ठेवतात, जी अर्धी बोलणाऱ्याची आणि अर्धी ऐकणाऱ्याची असते. हवामानविषयक बहुतेक स्वयंसेवी संवाद सद्हेतूने केलेला असूनही पहिल्या प्रकारातच मोडतो. तो माहिती देतो, कळकळीने देतो, आणि प्रतिप्रश्नासाठी जागा ठेवीत नाही.

दुसऱ्या प्रकारचा संवाद कसा असू शकतो याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा सुपरिचित आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. घोषणा म्हणून ती अनेकदा उद्धृत झाली. भाषिक रचना म्हणून मात्र ती क्वचितच वाचली गेली. पहिल्या भागात ‘आमचे’ हे षष्ठ्यन्त रूप आहे. सरकार आमचे आहे, पण आमच्याहून वेगळे, दूरस्थ आहे. दुसऱ्या भागात षष्ठी गळते, प्रथमा येते आणि तिला ‘च’ जोडला जातो. मालकी सांगणारा स्वतःच सत्ता होतो. हे रूपांतर विभक्तीच्या एका बदलाने साधले आहे. येथे ‘आपण’ कोठेही नाही. ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाला नम्रपणे, पण निश्चितपणे, वगळले आहे.

या ‘आम्ही’ला आधार होता तो एका संवादपद्धतीचा. देवाजी तोफा हे त्या गावातले, तर मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सहकारी. त्यांच्या प्रयत्नांतून अभ्यासगट आणि ग्रामसभा यांची विभागणी रूढ झाली. अभ्यासगटात बाहेरचे लोक बसू शकत, माहिती देऊ शकत, वाद घालू शकत. निर्णय मात्र तेथे होत नसे. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने न होता सर्वसहमतीने होई. संज्ञापनाच्या दृष्टीने ही विभागणी महत्त्वाची आहे. जाणकाराचे ज्ञान येथे नाकारलेले नाही, पण त्याच्या वाणीतील आज्ञार्थ काढून घेतला आहे. एकाही माणसाच्या नकाराला वजन असल्यामुळे प्रत्येक श्रोता हा संभाव्य वक्ता ठरतो.

२००९ साली मेंढा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना अडला, आणि तो अडला एका व्याख्येवर. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या संज्ञेत ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, झुडपे, खुंट, वेत हीच नामे उचलली आणि ‘गौण वनोपज’ या संज्ञेखाली ठेवली. वस्तू त्याच, वाक्य बदलताच त्यांचा मालक बदलला. जुने वाक्य सोडायला यंत्रणा तयार नव्हती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चिन्ह आणि सत्ता यांच्या संबंधाची चर्चा आपल्या अभ्यासवर्गांत बहुधा परकीय उदाहरणांनी होते. बांबू हे गवत की झाड, हा वाद त्यासाठी अधिक जवळचा आणि अधिक बोलका आहे.

वनहक्क कायद्याच्या नियमांत आणखी एक तरतूद साहित्याभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे. दाव्याच्या पुराव्यांमध्ये दावेदारांव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य धरले जाते. ज्या व्यवस्थेत कागदालाच प्रमाण मानले जाई, तेथे स्मृती आणि कथन यांना पुराव्याचा दर्जा मिळाला. देवराईची सीमा, जुना पाणवठा, कोणत्या वाटेने मोहफुले आणली जात, हे सांगणे आता केवळ लोककथनाच्या संग्राहकासाठी उरले नाही. त्यातून हक्क सिद्ध होऊ लागला.

अशा ‘आम्ही’तून हवामानविषयक उपाय कसा जन्म घेतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने दाखवले. गोंडपिपरी तालुक्यातील या गावाला २०१२ साली सुमारे १००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तेंदूपत्ता हा या भागातील उन्हाळी रोख उत्पन्नाचा मोठा आधार. तरीही ग्रामसभेने तो तोडायचा नाही असे ठरवले. चांगले पान यावे म्हणून झुडपे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि माणसे व पाखरे खातात ती फळे धरत नाहीत, अशी त्यामागची कारणे होती. उत्पन्नासाठी गावाने बांबूवर भर दिला. जंगलातील आगी रोखणे आणि वनाचे पुनरुज्जीवन यांना हवामानशास्त्र ‘शमन’ म्हणते. पाचगावच्या निर्णयामागे फळ, पाखरू, आग आणि पान ही नामे होती. त्यांपैकी एकही परिभाषेतून आलेले नव्हते.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. गावाचा ‘आम्ही’ गावाच्या शिवेपर्यंतच पोचतो. वातावरणातील कार्बनचे प्रमाण डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी विज्ञान, आकडे आणि परिभाषा अपरिहार्य आहेत. चंद्रपूर शहराचा अनुभव या आक्षेपाला दुजोरा देतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ ठरला आणि देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचे नाव वरच्या क्रमांकात आले. तो आकडा नागरिकांच्या हाती एक शस्त्र म्हणून आला. त्याच वर्षी ताडोबालगतच्या लोहारा येथील नियोजित कोळसा खाणीविरुद्ध ‘इको-प्रो’चे बंडू धोत्रे यांनी उपोषण केले, व्यापक विरोध उभा राहिला आणि तो प्रकल्प तेव्हा मागे पडला. येथे श्रोता गाव नव्हता. शासन आणि उद्योग हे श्रोते होते. त्यांच्याशी त्यांच्याच परिभाषेत बोलणे भाग होते. तेव्हा परिभाषा त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती कोणत्या दिशेने वापरली जाते हे पाहावे लागेल. सत्तेला उत्तर द्यायला लावणारा आकडा आणि गावाला गप्प बसवणारा आकडा, दिसायला सारखे असले तरी, भाषिक कृती म्हणून परस्परविरोधी आहेत.

संवादाचे देशी नमुने या प्रदेशाला परके नाहीत. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नांवर उभे असे. ते श्रोत्यांना विचारीत, उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत, आणि मग त्या उत्तराचा धागा पुढे नेत. दिवाळीनंतर सुरू होणारी झाडीपट्टी रंगभूमी हा दुसरा नमुना. तेथे प्रेक्षक तिकीट काढून येतो, रात्रभर बसतो आणि नाटक न आवडल्यास तसे जाणवू देतो. शाळेच्या पटांगणात गोळा करून आणलेल्या प्रेक्षकांसमोरच्या पथनाट्याला या परीक्षेतून जावे लागत नाही. कार्यकर्त्यांनी लोककलांचा केवळ साज उचलला आणि प्रेक्षकाचा नकाराधिकार मागे ठेवला, तर हाती उरतो तो पुन्हा ‘विस्तार’च.

अमिताव घोष यांनी २०१६ साली, गंभीर कादंबरीला हवामानसंकट का पेलत नाही, असा प्रश्न उपस्थित केला. मराठीपुरते त्याचे एक अंशतः उत्तर असे देता येईल की ही सामग्री आपल्याकडे कादंबरीबाहेर, ठरावांत, दाव्यांत आणि घोषणांत साठत गेली. ‘शाळा’चे कर्ते मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिले. एका कथाकाराला या गावाकडे वळावेसे वाटले, ही घटना वाङ्मयीन इतिहासात नोंदवण्याजोगी असूनही असे लेखन ‘समाजकार्यविषयक’ या खणात जाऊन पडते. समीक्षेने ग्रामसभेचा ठराव कविता म्हणून वाचावा असे येथे सुचवायचे नाही. ठराव ही एक संहिता आहे, तिला निवेदक आहे, उद्दिष्ट वाचक आहे आणि तिच्यातील प्रत्येक सर्वनामाला परिणाम आहेत, एवढे मान्य व्हावे.

तसे मान्य करण्याची निकडही आहे. उद्या जंगलात साठलेल्या कार्बनचा करार घेऊन कोणी ग्रामसभेसमोर येईल तेव्हा त्या कागदावर ‘आपण’ असेल, आणि तो मोठ्या गोड भाषेत असेल. त्या ‘आपण’मध्ये सामील व्हायचे की नाही हे ठरवण्यासाठी आधी अभ्यासगट बसावा लागेल, कोणाला तरी ‘नाही’ म्हणता यावे लागेल. तेवढे झाल्यावर गावाने स्वतःहून उच्चारलेला ‘आपण’ हा खरा ‘आपण’ असेल. तोपर्यंत तो व्याकरणाने केलेला अतिक्रम आहे.