पहिला डोस मिळाला, तिसरा का नाही?

काही समाजगटांतील बालकांचे लसीकरण कमी का, असा प्रश्न परीक्षेत घातला तर बहुतेक उत्तरपत्रिकांत 'अज्ञान आणि अंधश्रद्धा' हे शब्द येतील, आणि तपासणारे त्यांना गुणही देतील. हे उत्तर पुराव्यावर टिकते का, हे पाहण्यासाठी आम्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीचा, म्हणजे २००५-०६ चा अहवाल पुन्हा वाचला. गटागटांतील अंतर त्यात फार ठळक दिसते.

बीसीजी, गोवर आणि त्रिगुणी व पोलिओ यांचे प्रत्येकी तीन डोस मिळालेले मूल 'पूर्ण लसीकृत' धरले जाते. १२ ते २३ महिने वयाच्या बालकांत हे प्रमाण देशभरात ४३.५ टक्के होते. अनुसूचित जमातींत ३१.३, अनुसूचित जातींत ३९.७, इतर मागासवर्गांत ४०.७ आणि उरलेल्यांत ५३.८. सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत २४.४, तर सर्वांत श्रीमंत पंचमांशात ७१.

आमचा पहिला आक्षेप मांडणीवर आहे. या कोष्टकांत जात, संपत्ती, आईचे शिक्षण असा एकेक घटक सुटा दाखवला आहे. प्रत्यक्षात आदिवासी कुटुंब बहुधा गरीबही असते, रस्त्यापासून दूरही असते आणि आई शाळेत न गेलेलीही असते. प्रयोगशाळेत दोन घटक एकदम बदलले तर निष्कर्ष काढू नये, असे आपण मुलांना शिकवतो; इथे मात्र ३१.३ हा आकडा पाहून थेट 'त्यांच्या समजुती' कारण ठरतात. शिवाय लसीकरणाचे कार्ड पाहायला मिळाले ते जेमतेम ३७.५ टक्के मुलांचे. बाकीची नोंद आईच्या आठवणीवर.

खरी गोम दुसऱ्याच कोष्टकात आहे. एकही लस न मिळालेली मुले होती फक्त ५.१ टक्के. त्रिगुणीचा पहिला डोस ७६ टक्के मुलांना मिळाला, तिसरा ५५.३ टक्क्यांना. म्हणजे शंभरातली सुमारे वीस मुले एकदा सुई टोचून घेऊन गेली आणि मधेच गळली. लसीला विरोध असणारी आई पहिल्यांदा तरी कशाला येईल? (नकार नसतोच असे नव्हे, पश्चिम उत्तर प्रदेशात अफवांनी पोलिओ मोहीम अडवली होतीच.) महाराष्ट्राचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९९८-९९ मध्ये राज्यात सुमारे ७८ टक्के मुले पूर्ण लसीकृत होती, २००५-०६ मध्ये सुमारे ५९. सात वर्षांत राज्यात अंधश्रद्धा एवढी बोकाळली, असे कोणी म्हणणार नाही.

त्रिगुणीचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यायचे असत. आजच्या पंचगुणी लसीचे वेळापत्रकही तेच आहे. आता बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबाचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन नवरा-बायको निघतात ते उन्हाळ्यातच परततात. ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलाचे तिन्ही डोस नेमके कोपीवर असताना येतात. नाव मात्र गावच्या नर्सबाईंच्या रजिस्टरात. फडातून एक दिवस सुटले तर त्या दिवसाची मजुरी गेली. यात अज्ञान कुठे आले?

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील १३४ गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर प्रयोग केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे काहीच बदलले नाही तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के. जिथे दरमहा न चुकता शिबिर भरले तिथे १८. जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच मिळाला तिथे ३९. किलोभर डाळीने कोणाची श्रद्धा बदलत नाही. खाडा झाल्याची थोडी भरपाई होते. अर्थात ३९ म्हणजे निम्मेही नव्हेत, हे डाळीचे गोडवे गाणारे विसरतात.

२०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशाचे प्रमाण ७६.४ टक्क्यांवर गेले. त्यात ग्रामीण भागाचा आकडा ७६.८ आहे आणि शहरी भागाचा ७५.५. शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात हे दोन आकडे, कोणता कुठला ते न सांगता, फळ्यावर लिहावेत. शहराचा कोणता ते मुलांना विचारावे आणि कारणही लिहायला लावावे. काय उत्तरे येतात ते आम्हांला जरूर कळवावे.