पँट : आशय आणि अस्तर

आपल्याकडे समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, लग्नातल्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत होते. पण एका वस्तूकडे मराठी समीक्षेने सतत पाठ फिरवलेली आहे. ती वस्तू म्हणजे पँट. ज्या कलाकृतीत माणूस दिवसाचे दहा तास बसतो, उठतो, लोकलमध्ये चेंगरतो आणि साहेबासमोर उभा राहतो, तिच्याविषयीचे आपले सारे टीकावाङ्मय "बरी दिसते" आणि "जरा ढगळ वाटते" या दोन वाक्यांत संपते. वास्तविक कादंबरी फसली तर मिटून ठेवता येते. पँट फसल्याचे नेमके भर मीटिंगमध्ये, पडलेले पेन उचलायला वाकल्यावर कळते, आणि त्या क्षणी ती मिटण्याच्या पलीकडे गेलेली असते.

म्हणून हा अल्पसा प्रयत्न. विषयाची मर्यादा आधीच सांगतो. लग्नातली सुटाची पँट आणि सकाळी फिरायला जायची पँट या दोन्ही आपल्या कक्षेबाहेर. आपल्याला हवी आहे ती रोज ऑफिसला घालायची, फार कडक नाही, फार घरगुती नाही, टिकणारी आणि पगारात बसणारी. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. ऑफिसला पँट आणि घरी लेंगा, एवढ्या दोन प्रकारांत पुरुषाचे सगळे चरित्र मावत असे. मग ऑफिसांतून परिपत्रके निघाली : 'शुक्रवारी कॅज्युअल पोशाख चालेल, मात्र तो व्यवस्थित असावा.' या वाक्याच्या दोन अर्ध्यांची एकमेकांशी ओळख नाही. पुढे बऱ्याच ऑफिसांत आठवड्याचे सगळेच दिवस शुक्रवार झाले आणि मध्यमवर्गीय माणूस दुकानातल्या पँटींच्या ढिगापुढे हातात काहीच न धरता उभा राहिला.

ढिगापुढे उभे राहिल्यावर आधी प्रकार ओळखावेत. जशी कविता, कादंबरी, बखर, तशीच इथेही वर्गवारी आहे.

लिननची पँट ही कविता. सकाळी आठ वाजता तिच्यासारखे सुंदर काही नाही. नऊ बाविसच्या गाडीने जाऊन अकरा वाजता खुर्चीतून उठावे, तर ती इतकी चुरगळलेली असते की नवकवीलाही अर्थ लागू नये. कवितेप्रमाणेच तिच्यावर कुणाचे पोट भरत नाही. वर्षातून दोनदा घालावी, लोकांनी वाहवा करावी, संपले.

टेरिकॉटची पँट ही बखर. पॉलिएस्टरचा धागा 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला, त्याचे टेरिलीन झाले, सुताशी लग्न लागून टेरिकॉट झाले आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने त्यात नोकरी पुरी केली. माणूस निवृत्त व्हायचा, पँट व्हायची नाही. धुतली की तासाभरात वाळायची, इस्त्रीची घडी मोडू म्हटले तरी मोडायची नाही. दोष दोनच. मे महिन्यात घाम बाहेर जाऊ देत नाही. आणि खुर्चीला घासून घासून बैठकीवर अशी चकाकी येते की मागून येणाऱ्याने भांग पाडून घ्यावा.

कॉर्डरॉय हे ऐतिहासिक नाटक. पोशाख भारदस्त, पण हवा महाबळेश्वरची लागते. शिवाय मखमली रेघा आधी गुडघ्यावर झिजतात आणि माणूस दिवसभर प्रार्थना करून आल्यासारखा दिसतो. बाहेरून खिसे लावलेली कार्गो हा ज्ञानकोश : सगळे त्यात आहे, पण हवे ते वेळेवर सापडत नाही.

जीन्स ही कादंबरी. ऐसपैस, जाडजूड, वर्षानुवर्षे वापरली तरी संपत नाही. तिच्याविषयी एक गोष्ट समीक्षकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी. 20 मे 1873 रोजी अमेरिकेत जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी यांना जे पेटंट मिळाले, ते तांब्याच्या रिबिटांचे होते. मजुरांच्या पँटी खिशाच्या कोपऱ्यांवर फाटतात हे शिंप्याच्या लक्षात आले आणि नेमके तिथे त्याने रिबीट ठोकले. जिथे ताण पडतो तिथे बळकटी. टिकाऊपणाचे सगळे शास्त्र यात आले, बाकीची जाहिरात. आणि जीन्सच्या घराण्यातली डंगरी म्हणजे आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून नाव मिळालेले जाडेभरडे सुती कापड. परदेशी म्हणून आपण ज्या वस्तूला दुप्पट पैसे मोजतो, तिचा एक चुलता सँडहर्स्ट रोडला उतरायचा. पण ऑफिसच्या दृष्टीने जीन्सची अडचण अशी, की पावसाळ्यात भिजली तर तिसऱ्या दिवशी वाळते, आणि काही साहेबांच्या मते ती अजून कॉलेजातून बाहेर पडलेली नाही.

राहिली चिनो. हा ललित निबंध. ना धड औपचारिक, ना धड उनाड. घरच्यासारखा बसतो आणि चार माणसांतही शोभतो. हिचे कूळ खाकीचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेशावरकडे हॅरी लम्सडेन याच्या गाइड्स पलटणीने मातकट रंगाचे कपडे घालायला सुरुवात केली. खाक म्हणजे धूळ. पलटण डोंगरात दिसू नये हा त्यांचा हेतू. सिग्नलच्या धुळीतून स्कूटरवर येणाऱ्या कारकुनालाही त्याहून वेगळे काही नको असते. ज्या पँटचा रंगच धुळीचा, तिच्यावर आणखी धूळ काय दिसणार? तेव्हा रोजच्या ऑफिसला चिनो, हा माझा कौल. पण 'ललित निबंध' असे वर छापले म्हणून आतला मजकूर ललित असतोच असे नाही, हे आपल्यासारख्या वाचकांना मी काय सांगावे? तेव्हा आता कापडाकडे वळू.

कापड उजेडात तिरके धरावे. बारीक तिरप्या रेघा स्पष्ट दिसल्या तर ते ट्विल. या विणीत धागे साध्या विणीपेक्षा दाटीने बसवता येतात, म्हणून जाड असूनही ते अंगासरशी वळते. मग वजन. चौरस मीटरला सव्वादोनशे ते पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपासचे कापड आपल्या हवेत बारा महिने चालते. दुकानात तराजू नसतो. तेव्हा एक पदर उजेडासमोर धरावा आणि पलीकडून आपली बोटे मोजता येतात का पाहावे. बोटे मोजता आली, तर पँट धुण्याच्या खेपाही बोटावर मोजण्याइतक्याच टिकेल. मूठभर कापड दाबून सोडावे. लगेच सावरले तर ठीक. सोडल्यावरही रडवेलेच राहिले तर ते दुपारी काय करील याची कल्पना करावी.

पुढे आतली चिठ्ठी वाचावी. 98 टक्के सुती आणि 2 टक्के इलॅस्टेन, हे प्रमाण बैठ्या नोकरीला चांगले. ताणणारा धागा संसारातल्या थापेसारखा आहे : चिमूटभर असला तर सगळे सुखाने बसतात, जास्त झाला की लवकरच गुडघ्यांवर फुगे येतात. शिवाय गरम पाणी आणि तापलेली इस्त्री त्याला सोसत नाही. वर्षभराने त्याचा ताण जातो आणि पँट हताश होऊन लोंबते. आणि कापड आधी आटवलेले आहे का तेही पाहावे. सॅनफर्ड क्लुएट याने 1930 साली कापड आटवून घेण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. एवढी वर्षे लोटूनही काही पँटी पहिल्या धुण्यात पोटरी दाखवू लागतात, याला माझ्या मते क्षमा नाही.

इथवर आशय झाला. खरी परीक्षा अस्तरापाशी. पँट उलटी करावी. विक्रेता चमकतो, त्याला चमकू द्यावे. तो बिचारा दर्शनी बाजू दाखवायला पगार घेतो. आतून टीप सरळ आणि दाट आहे का? इंचात दहा-बारा टाके पडले असतील तर शिवणारा घाईत नव्हता. खिशाच्या तोंडाशी आणि पट्ट्याच्या लुपांवर आडवे घट्ट टाके घातलेत का? तीच रिबिटाची जागा. खिशाचे अस्तर तलम असेल तर आजच्या मोबाइलचे वजन त्याला चार महिने पुरे. मग किल्ल्या थेट मोज्यात. चेन धातूची आहे का, वरखाली विनातक्रार जाते का? दहा रुपयांच्या चेनीपायी हजार रुपयांची पँट बाद झालेली मी पाहिली आहे. आणि दोन मांड्यांमधली जागा, जिथे चार शिवणी एकत्र येतात, ती दोन्ही हातांनी ओढून पाहावी. चांगल्या पँटा बहुधा तिथेच जातात. आपले चालणे तिथे घासते, स्कूटर तिथे घासते, नशीबही तिथेच घासते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मागच्या शिवणीत, कमरेच्या खाली, कापड किती सोडले आहे ते पाहावे. या जादा कापडाला आपल्या शिंप्यांनी शब्द दिला आहे, माया. 'माया किती ठेवू?' असे गळ्यात टेप घातलेला शिंपी विचारायचा, आणि उत्तराची वाट न पाहता दीड-दोन इंच ठेवूनच द्यायचा. सव्वा मीटर कापडात तो गिऱ्हाइकाचे उद्याचे पोट धरून चालायचा. बढती मिळेल, जेवण सुधारेल, माणूस रुंदावेल, हे त्याला दिसत असे. पायाच्या दुमडीतही चार बोटे असत, कारण पँट पुढे धाकट्या भावाकडे जायची होती आणि धाकटे भाऊ उंच निघतात.

तयार पँटीत ही माया पाव-अर्ध्या इंचावर आली आहे. हजारो पँटी एकदम कापायच्या म्हटल्यावर प्रत्येकीत दोन इंच सोडणे कारखान्याला परवडत नाही, हे मला कळते. पण त्याचा अर्थ असा होतो, की पँट आपल्याला आजच्या मापाने ओळखते आणि उद्याची जबाबदारी घेत नाही. दिवाळीत दोन इंच वाढलात तर नवी घ्या, असे ते कापड शिवणीशिवणीतून सांगत असते. म्हणून जिच्यात मागे निदान इंचभर माया आहे अशी पँट दिसली, तर रंग जरा नावडता असला तरी मी ती उचलायला सांगेन. न मिळाली तर कापड घेऊन सरळ शिंप्याकडे जावे. अजून आहेत, थोडे उशिरा देतात, पण देतात.

किमतीचा विचार छापील आकड्यावरून करू नये. तो आकडा खोडण्यासाठीच छापलेला असतो. साधे त्रैराशिक मांडावे. नऊशेची पँट आठवड्यातून दोनदा घालून दहा महिन्यांत गेली, तर घालण्याची एक खेप साडेदहा रुपयांना पडली. दोन हजारांची तीन वर्षे गेली, तर साडेसहा रुपयांच्या आत. पण महाग म्हणजे टिकाऊ असेही नाही. काही ठिकाणी दोन हजारांतले हजार रुपये कमरेवरच्या चामड्याच्या चिठ्ठीचे असतात. म्हणून आधी उलटी करावी, मग किंमत वाचावी. पुष्कळ जण हे काम उलट क्रमाने करतात.

घालून पाहायच्या खोलीतल्या आरशावर विसंबू नये. तो आपल्याला उभे दाखवतो, आणि नोकरी बसून करायची असते. तिथल्या स्टुलावर बसावे, एकदा चक्क उकिडवे बसावे, वाकून बुटाचा बंद बांधावा. या तिन्ही आसनांत श्वास चालू राहिला तरच पैसे द्यावेत. आणि घ्यायच्या तर दोन घ्याव्यात, आळीपाळीने घालाव्यात, उलट्या करून गार पाण्यात धुवाव्यात, सावलीत वाळत घालाव्यात. माणसाप्रमाणे पँटलाही एका दिवसाआड सुट्टी मिळाली की ती पुष्कळ जगते.

शेवटचा निकष आमच्या घरातल्या बायकांचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत कडक. गुडघे आणि बैठक गेल्यावर पँटची पिशवी होते का? गुडघ्याखालचे कापड धड असेल, गिरणीतून पाच किलो पीठ आणण्याइतका जीव त्यात उरला असेल, तर ती पँट पैसे फेडून गेली असे समजावे. ताणाच्या धाग्याने सैलावलेल्या आणि पाणीही न शोषणाऱ्या पँटींची लादी पुसायचीसुद्धा पंचाईत. दुकानदाराला मात्र "याची पिशवी चांगली होईल ना हो?" असे विचारू नये. समीक्षकाने लेखकासमोर काही मते मनातच ठेवावी लागतात.