गाण्यातलं ते अर्धं मिनिट

६ ऑक्टोबर २०२० रोजी ‘व्हॅन हेलन’ या रॉक बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन कर्करोगानं गेला, पासष्टाव्या वर्षी. करोनाचे दिवस होते, मोठी सभा भरवणं शक्य नव्हतं. तरी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये लोक जमलेच. लास लुनास रस्त्यावरच्या ज्या साध्या घरात तो वाढला, त्याच्यासमोर फुलं ठेवली गेली. त्याच गावात एका पदपथाच्या सिमेंटमध्ये ‘व्हॅन हेलन’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. सिमेंट ओलं असताना एडी आणि ॲलेक्स या भावांनीच ती कोरली, असं गावकरी मानतात. तिथेही माणसं येऊन उभी राहिली. पुढचे काही आठवडे जगभरचे गिटारवादक आपापल्या घरातून त्याचं ‘इरप्शन’ वाजवून श्रद्धांजली वाहत होते, आणि एक वाक्य सगळीकडे ऐकू येत होतं : शेवटचा गिटार हिरो गेला. जानेवारी २०२३ मध्ये गिटारवादक जेफ बेक गेला तेव्हा तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

या वाक्यामागचं दुःख खरं आहे, पण त्यातलं निदान मला पटत नाही. गिटार संपलेली नाही. २०१७ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत इलेक्ट्रिक गिटारच्या मृत्यूची चर्चा रंगली होती. विक्री दशकभरात वर्षाला सुमारे १५ लाखांवरून १० लाखांवर आली होती, आणि २०१८ मध्ये गिब्सन कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पण २०२० मध्ये, म्हणजे एडी गेला त्याच वर्षी, फेंडर कंपनीची तोवरची सर्वांत मोठी विक्री झाली. नव्यानं गिटार घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आहेत, असं त्याच कंपनीच्या पाहणीत दिसलं होतं. वादकांच्या तयारीबद्दल तर बोलायलाच नको. एडीनं वयाच्या तेविसाव्या वर्षी जे वाजवून जगाला थक्क केलं, ते आज चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली सफाईनं वाजवतात. मग हरवलं काय?

हे समजायला ‘इरप्शन’कडेच जावं लागतं. १९७७ साली हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू होतं. एडी एका क्लबातल्या कार्यक्रमासाठी हात मोकळा करत होता. निर्माता टेड टेम्पलमननं ते ऐकलं आणि टेप चालू करायला लावली. अशी ही १ मिनिट ४२ सेकंदांची चीज १० फेब्रुवारी १९७८ ला निघालेल्या ‘व्हॅन हेलन’ या अल्बमवर आली. तिच्यात रोडॉल्फ क्रॉइत्झर या व्हायोलिनवादकाच्या अभ्यासपाठाचा एक तुकडा आहे, आणि शेवटी तो प्रसिद्ध टॅपिंगचा भाग. डावा हात नेहमीसारखा तारेवर, आणि उजव्या हाताचं बोट त्याच तारेवर वरच्या फ्रेटवर आपटून लगेच सुटतं. एका हाताच्या आवाक्याबाहेरचे सूर त्यामुळे पाण्यासारखे वाहू लागतात. हे तंत्र त्यानं शोधलेलं नाही. ‘जेनेसिस’ बँडचा स्टीव्ह हॅकेट ते आधी वापरत होता, आणि त्याच्याही आधीचे वादक सापडतात. गिटारवादक जिमी पेजचा ‘हार्टब्रेकर’ या गाण्यातला सोलो पाहून आपल्याला ते सुचलं, असं एडी सांगत असे. ते आपल्या आधी कुणी उचलू नये म्हणून सुरुवातीच्या दिवसांत क्लबात तो हा भाग प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवायचा.

त्याच्या वाद्याची कथाही तितकीच महत्त्वाची आहे. फेंडरच्या गिटारची दांडी त्याला चपळ वाटे, तर गिब्सनचा भरदार आवाज हवा असे. दोन्ही एकत्र देणारी गिटार दुकानात नव्हती. मग त्यानं ५० डॉलरचं लाकडी अंग आणि ८० डॉलरची दांडी आणली. गिब्सनचा पिकअप मेणात बुडवला, कारण त्याशिवाय मोठ्या आवाजात तो किंचाळायचा. सायकलीचा रंग फासून चिकटपट्ट्यांनी त्यावर रेघा काढल्या. ॲम्पला येणारा विद्युतदाब यंत्रानं कमी केला, त्यामुळे ॲम्प पूर्ण ताकदीनं चालवूनही आवाज उबदार राहिला. ही ‘फ्रँकेनस्ट्रॅट’ २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मांडली गेली. पुढच्या दशकात कारखान्यांनी ज्या धर्तीच्या हजारो गिटारी विकल्या, तिचा मूळ नमुना या पोरानं स्वतःच्या हातानं जोडला होता.

चाहत्यांच्या आठवणींत एवढंच राहिलं आहे : वेग, टॅपिंग, रेघांची गिटार. मला त्याचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. पहिला अल्बम बराचसा एकत्र वाजवून ध्वनिमुद्रित झाला. एडीची गिटार एका कानात येते, तिचा नाद दुसऱ्या कानात घुमतो. सोलो सुरू झाला की मागे बहुतेक वेळा दुसरी गिटार नसते, फक्त बास आणि ॲलेक्सचे ड्रम. म्हणजे गाण्याचा सगळा डोलारा एकाच गिटारवर उभा, आणि ती सोलोकडे वळली तरी लय ढिली पडता कामा नये. ‘अनचेन्ड’ किंवा ‘पॅनामा’ यांतली साथीची गिटार ऐका. तबलजी एकट्यानं किती वाजवतो यापेक्षा त्याचा ठेका कसा आहे यावरून जाणकार त्याला ओळखतात, तसा एडी मला त्याच्या रिफवरून, म्हणजे गाण्यात पुनःपुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यावरून, ओळखू येतो. त्या रिफमध्ये एक झोका आहे, आणि तो घरातून आलेला आहे. वडील यान हे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे जॅझ-वादक. आई जावामधली, डच-इंडोनेशियन वंशाची. १९६२ मध्ये हे कुटुंब नेदरलँड्सहून जहाजानं अमेरिकेत आलं, तेव्हा जवळ थोडे पैसे आणि एक पियानो होता. यानना तिथे झाडलोटीचं कामही करावं लागलं. रात्री ते लग्नांत आणि क्लबांत वाजवत, आणि मुलंही कधीकधी सोबत जात.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. १९७८ पूर्वीची चार-पाच वर्षं व्हॅन हेलन बँड कुठे वाजवत होता? पॅसाडेनातल्या घरांच्या मागच्या अंगणांत. तिथे शेकडो पोरंपोरी नाचायला जमत, आणि गर्दी हाताबाहेर गेली की पोलीस येऊन सगळं बंद करत. नंतर सनसेट स्ट्रिपवरच्या ‘गझारीज’ क्लबात रात्रीमागून रात्री दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी वाजवणं. या दोन्ही ठिकाणी कुणीही गिटार ऐकायला आलेलं नव्हतं. माणसं नाचायला, प्यायला, ओळखी करायला आलेली. सोलो लांबला की पावलं थांबणार, आणि पावलं थांबली की बँडचं काम जाणार. या धाकात एडीचे सोलो घडले. ते छोटे आहेत, लयीला घट्ट धरून आहेत, आणि पहिल्या सुरापासून लक्ष ओढतात. गिटारसाठी न आलेल्या श्रोत्याला ज्यानं गिटारकडे वळवलं, तो गिटार हिरो. गिटारवादकांनी वाखाणलेल्या गिटारवादकाला मी वेगळं नाव देईन.

याचा सर्वांत लखलखीत पुरावा म्हणजे मायकल जॅक्सनचं ‘बीट इट’. १९८२ मध्ये निर्माता क्विन्सी जोन्सच्या बोलावण्यावरून एडी गेला, सोलोखालच्या भागाची रचना आपल्याला हवी तशी बदलून घेतली, वाजवलं आणि पैसे न घेता परतला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तो सोलो आहे. सुरुवात जवळजवळ बेसूर वाटणाऱ्या ओरखड्यांनी होते, मध्ये टॅपिंगची लाट येते आणि शेवट वर चढत जाऊन गाण्यात विरघळतो. नाचाच्या गाण्यात इतकं धाडसी वादन त्याआधी इतक्या लोकांच्या कानांवर पडलं नव्हतं. आपल्याकडेही हे गाणं असलेल्या ‘थ्रिलर’ अल्बमच्या कॅसेटवरून लाखोंनी एडीला ऐकलं, त्याचं नावही माहीत नसताना. १९९६ मध्ये जॅक्सन मुंबईत आला, तेव्हा त्याच्या ताफ्यात जेनिफर बॅटन ही गिटारवादक होती. त्याच्या जगभरच्या दौऱ्यांत हा सोलो तिच्या वाट्याला येत असे, आणि टॅपिंगवर तिचं स्वतःचं प्रभुत्व होतं. १९८४ साली व्हॅन हेलनचा ‘१९८४’ हा अल्बम अमेरिकी यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकला, कारण पहिल्या क्रमांकावर ‘थ्रिलर’ होता.

ओहोटीही त्याच अल्बमपासून मोजता येते. त्यातलं ‘जम्प’ हे बँडचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं, आणि त्याचा मुख्य घटक सिंथेसायझर. तोही एडीनंच वाजवला होता. पियानोवर वाढलेल्या मुलाला यात काही वावगं वाटलं नाही, आणि ते गाणं उत्तमच आहे. पण लोकप्रिय गाण्याच्या केंद्रस्थानी गिटार असलीच पाहिजे असं नाही, हे गिटारच्या राजानंच दाखवून दिलं. दरम्यान अनुकरण करणाऱ्यांची फौज उभी राहिली. वेग शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, वेगाला वाहिलेल्या ध्वनिमुद्रण कंपन्या निघाल्या. प्रत्येक बँडला टॅपिंग हवं झालं. सोलो गाण्याची गरज म्हणून येईनासा झाला, वादकाची परीक्षा म्हणून येऊ लागला. एडीचा वेग सगळ्यांनी घेतला. झोका घेणारे फार थोडे निघाले. मला विचाराल तर गिटार हिरोला बाहेरच्या कुणी मारण्याआधी या तयारीच्या स्पर्धेनं पोकळ केलं होतं.

म्हणून गिटार हिरो संपवल्याचा ठपका निर्वाणा बँडवर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला, आणि त्यातल्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’च्या सोलोत बँडच्या कर्ट कोबेननं गाण्याचीच चाल वाजवली. ऐकणाऱ्यांना त्यात प्रामाणिकपणा जाणवला, आणि तो होताही. पुढची वाट सर्वांना ठाऊक आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी यांनी ऐकल्या जाण्याच्या प्रमाणात रॉकला मागे टाकलं. अंगणातल्या नाचाला बँडऐवजी डीजे आला. तिथून वर चढण्याच्या पायऱ्याच नाहीशा झाल्या. मुंबईतही हे वेगळ्या रीतीनं घडलं. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव ज्या रंगभवनाच्या उघड्या मंचावर रंगायचा, ते शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडलं आणि तिथले कार्यक्रम थांबले.

आजचे थोर वादक आहेत कुठे? बहुतेक आपापल्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर. ‘पॉलिफिया’ बँडचा टिम हेन्सन घ्या. २०२२ च्या ‘प्लेइंग गॉड’मध्ये त्यानं नायलॉनच्या तारांवर जे केलं आहे ते विचारपूर्वक केलेलं आणि सुंदर आहे, हिप-हॉपच्या तालाशी त्याचं नातंही जुळलेलं आहे. तरी हे संगीत मुख्यतः गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात फिरतं, असं मला दिसतं. ऐकणारा पहिल्याच क्षणी ‘हे कसं वाजवलं’ असं विचारतो. ‘बीट इट’ ऐकताना हा प्रश्न मनात येईपर्यंत आपण नाचायला लागलेलो असतो.

निराश होऊ नये असं मला वाटायला लावणारा माणूस मात्र अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नाही. तो नायजर देशातला आहे. म्डू मोक्तार हा डावखुरा तुआरेग वादक. त्यानं पहिली गिटार स्वतः लाकडाची बनवली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या. तो घडला वाळवंटातल्या लग्नांत वाजवत. सहारात त्याची गाणी एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जात पसरली. एडी व्हॅन हेलन त्याचा आवडता, आणि २०२१ च्या ‘आफ्रिक व्हिक्टिम’ अल्बममध्ये ते लपत नाही. टॅपिंग आहे, वेग आहे, पण सगळं तुआरेग लयीवर स्वार झालेलं. आफ्रिकेवर झालेल्या अन्यायाबद्दल तो गातो, आणि सोलो त्या शब्दांचा संताप पुढे नेतो. पॅसाडेनाचं अंगण आणि सहारातलं लग्न यांत मला एकच गोष्ट समान दिसते : नाचायला आलेली गर्दी, आणि तिला न गमावता काहीतरी नवं सांगू पाहणारा वादक. ही परिस्थिती असेल तिथे गिटार हिरो जन्मतो.

एडीचा मुलगा वुल्फगँग यानं याबाबतीत फार शहाणपणा दाखवला आहे. स्वतःच्या ‘मॅमथ’ बँडच्या कार्यक्रमांत तो वडिलांची गाणी वाजवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ड्रमवादक टेलर हॉकिन्सच्या स्मरणार्थ झालेल्या वेम्ब्लीच्या कार्यक्रमात त्यानं वडिलांच्या बँडचं ‘हॉट फॉर टीचर’ वाजवलं, अचूक आणि रसरशीत. तो कार्यक्रमच स्मरणाचा होता. नंतर तो पुन्हा आपल्या गाण्यांकडे वळला. आम्हा चाहत्यांना मात्र हे जमलेलं नाही. आम्ही जुन्या बँडांच्या निरोपाच्या दौऱ्यांची तिकिटं कितीही महाग असली तरी घेतो, आणि कोपऱ्यावरच्या क्लबात वाजवणाऱ्या नव्या बँडसमोर दहा माणसं नसतात.

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत अजून बँड वाजतो. पुण्या-मुंबईत काही ठिकाणी आठवड्यातून एखादी रात्र जिवंत संगीताची असते. तिथे कोपऱ्यात उभं राहून गिटार वाजवणारी मुलगी किंवा मुलगा दिसला तर बोलणं थांबवा आणि ऐका. आवडलं तर नाचा. फर्माईश करायची झाली तर चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं मागू नका. त्यांचं स्वतःचं एखादं गाणं वाजवायला सांगा, आणि त्यात सोलो आला तर तो संपेपर्यंत थांबा.