तीन अर्जांचं परीक्षण



या अंकासाठी संपादकानं एका कवितासंग्रहावर लिही म्हणून सांगितलं होतं. संग्रह वाचला. पण त्याच आठवड्यात अभ्यासवर्गातल्या तिघांनी माहिती अधिकाराच्या अर्जांचे कच्चे मसुदे माझ्याकडं दिले. आकाशवाणी-दूरदर्शनच्या नोकऱ्यांत आपली माणसं किती, हे तिघांनाही विचारायचंय. सूतगिरणीतली तिसरी पाळी करून आलो, चहा घेतला आणि वाचत बसलो. संग्रहाचं राहू द्या. कविता फसली तर कवीचं नुकसान. अर्ज फसला तर महिना वाया जातो आणि रजिस्टर बंदच राहतं.

आधी, हे विचारायचंच कशाला? ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब आकाशवाणीवर बोलले. आपलं तत्त्वज्ञान त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत मांडलं आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतलं असं बजावलं. पुढं १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ साली लागू झाला. आकाशवाणी-दूरदर्शन त्याच्या छताखाली गेले. पैसा जनतेचा. मग माइकपुढं कोण बसतं, आणि कुणाला बसवायचं हे ठरवणाऱ्या खुर्चीत कोण, हे विचारायचा आपला हक्क आहे. २००५ च्या कायद्यानं तर 'माहिती कशाला पाहिजे' हे सांगायचीही गरज ठेवली नाही.

पहिला अर्ज. चार पानं. 'आमच्या माणसांना नोकऱ्या का देत नाही?' इथून सुरुवात. राग खरा, भाषा जळजळीत. पण अर्ज कच्चा. हा कायदा फायलीत जे आहे तेवढंच द्यायला अधिकाऱ्याला बांधतो. 'का' चं उत्तर फायलीत लिहिलेलं असेल तरच मिळणार. २०११ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की नसलेली माहिती तयार करून द्यायला कचेरी बांधील नाही. हीच चूक मी एका कचेरीला लिहिलेल्या माझ्या पहिल्या अर्जात केली होती. एका ओळीचं उत्तर आलं, आणि कायद्यानं ते बरोबर होतं. चार दिवस त्या साहेबाला शिव्या घालत हिंडलो. शिव्या माझ्या मलाच पाहिजे होत्या.

दुसरा अर्ज. एका केंद्रावरच्या सगळ्या निवेदकांची नावं आणि जाती मागितल्यात. इथं कलम ८ मधली वैयक्तिक माहितीची आडकाठी येते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ती आणखी आवळली, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागूही झाली. पण कायदा सोडा. त्या कचेरीत आपलाच कुणी आडनाव झाकून, खाली मान घालून नोकरी करत असेल. त्याची जात आपणच कागदावर ओढून आणायची? आपल्याला आकडा पाहिजे, माणूस नको. हा अर्ज पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा अर्ज एका ताईचा. अर्धं पान. अमुक तारखेला संवर्गवार मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किती, अनुशेष किती. वर बिंदुनामावली रजिस्टर स्वतः पाहायला मागितलंय. तपासणीचा पहिला तास फुकट असतो, हेही तिला ठाऊक. तिनं नेमकं विचारलंय. १९९५ च्या सभरवाल निकालानंतर, २ जुलै १९९७ च्या आदेशानं, केंद्रातली बिंदुनामावली रिकाम्या जागांवर नाही, पदांवर चालते. म्हणून 'यंदा किती भरले' एवढ्यानं भागत नाही. एकूण पदांवर कोण बसलंय ते विचारावं लागतं.

तरी एक उणीव. गिरणीत बदलीवाला असतो. काम आहे, जागा नाही. आकाशवाणीत तसे नैमित्तिक निवेदक असतात. महिन्यातले मोजके दिवस बोलावणं, दिवसाचे पैसे. ४५ दिवस किंवा जास्त मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही केंद्राच्या नियमानं आरक्षण आहे. पण सुट्या दिवसाची ड्यूटी नेमणूकच धरली नाही तर तो नियम लागणार कुठं? ताई, एवढी भर घाल : यादीत नैमित्तिक किती, निवड कुठल्या नियमानं, वर्षात एकूण किती ड्यूट्या दिल्या, प्रवर्गाची नोंद ठेवतात का. 'नोंद ठेवत नाही' असं उत्तर आलं तरी ते सही-शिक्क्यानिशी आपल्या हातात राहील.

अर्ज मराठीत चालतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. कोर्ट फी स्टॅम्प राज्याच्या कचेऱ्यांना चालतो, केंद्राला नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, ते फसलं तर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं.

आपले कवीमित्र हसतील. अर्जानं कुठं क्रांती होते? नाही होत. एक आकडा मिळाल्यानं एकालाही नोकरी लागत नाही. पण आकडा हातात नसला की आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीला लोक रडगाणं म्हणून मोकळे होतात. मीही एवढी वर्षं आकड्याशिवायच लिहीत आलोय.

पहिल्या दोघांनी अर्ज ताईजवळ बसून पुन्हा लिहावेत. उत्तरं आली की याच पानांवर छापू, आपल्या सोयीची असोत नसोत.

जयभीम.